वूफर हम मारतो, घुमतो, नाहीतर बासच लागत नाही: नवा घेण्याआधी काय तपासायचं

परभणीत माझं ऑडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड इथून लोक होम थिएटरचे वूफर घेऊन येतात, कुणी मोटारसायकलला मागं बांधून, कुणी एसटीत मांडीवर धरून. त्यातले कितीतरी माझ्या टेबलावर लावले की खणखणीत वाजतात. आणणारा मात्र मनाशी ठरवूनच आलेला असतो. "ह्यो गेला आता कामातून. कमी पैशातला एखादा दमदार सांगा, भाऊ." मी त्याला तिथल्या तिथं नवा देऊ शकतो. पण दोष घरातल्या बोर्डात, टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा बैठकीच्या भिंतींत असेल तर नवा डबाही त्याच घरात जाऊन तेच करणार. सोयाबीनचे पैसे हातात आले की घरात काही चांगलं यावं म्हणून माणूस दहा-बारा हजार बाजूला काढतो. ते वाया गेलेले मला बघवत नाहीत. म्हणून मी ज्या क्रमानं तपासतो तोच क्रम इथं लिहितोय, फुकटातलं आधी आणि खर्चाचं शेवटी.

आधी लक्षणं ओळखा

सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे हम. पिक्चर चालू असो वा बंद, वूफरमधून सलग "हूं" येत राहतं, रिमोटवरून आवाज कमी केला तरी ते तेवढंच राहतं.

दुसरी तक्रार, "बास लागंना गेलाय." ढगांचा गडगडाट असो की स्फोट, सगळं टीव्हीच्या स्पीकरसारखं कोरडं वाटतं.

तिसरी याच्या उलट. बास आहे, पण एका ठराविक सुराला अख्खी खोली घुमते, संवाद बुडतात, आणि पलंगावरून उठून दारात उभं राहिलं की तोच बास गायब होतो.

मग मध्येच झोपणारा वूफर. हळू आवाजात रात्री पिक्चर बघताना तो बंद पडतो आणि मोठा आवाज आला की धप्पकन जागा होतो. काहींचा वूफर फडफडतो, खरखरतो.

शेवटचं लक्षण वेगळं आहे. चालू करताच मोठा ठोका, कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर येऊन तिथंच अडकलेला, सोबत जोरदार भणभण, जळका वास किंवा लगेच उडणारा फ्यूज. असं असेल तर पुढचं वाचण्याआधी प्लग काढा. आतल्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी शॉर्ट झालेला असतो आणि सरळ डीसी करंट कॉइलमध्ये, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीत, जात असतो. काही सेकंदांत कॉइल जळते. वेळेत प्लग काढला तर दुरुस्ती आयसीपुरती राहते, नाहीतर स्पीकरही जातो. "अजून एकदा लावून बघू" म्हणून पुन्हा चालू केलेले किती वूफर माझ्याकडे काळी कॉइल घेऊन आले!

पहिली तपासणी: मागची पिन काढून बघा

हमसाठी ही एकच तपासणी अर्धं काम करते, आणि तिला एक रुपया लागत नाही. वूफर बंद करा. मागं आलेली सिग्नलची आरसीए पिन (मधोमध खिळा असलेली गोल पिन) उपसा. आता काहीही न जोडता वूफर चालू करा. पिन चालू वूफरमधून काढू नका, मोठा ठोका बसतो.

हम थांबला, तर वूफर निर्दोष आहे आणि दोष बाहेरून त्या वायरीतून येतोय. हम तसाच राहिला, तर दोष आत आहे, बहुधा पॉवर सप्लायच्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणारा भाग). तसं असेल तर मधलं सगळं सोडून खाली "आतला दोष" वाचा.

लोक विचारतात, बाकीचे स्पीकर तर शांत आहेत, मग दोष वूफरचाच नाही का? आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा हेलकावणारी. छोट्या स्पीकरला ५० हर्ट्झ काढताच येत नाही. वूफर बनवलाय मुळात त्याच पट्ट्यासाठी. घरात कुठंही वीज सिग्नलच्या वायरीच्या शील्डमध्ये (बाहेरच्या जाळीत) गळत असेल तर ती ऐकू येणारी एकमेव जागा म्हणजे वूफर. म्हणून दर वेळी दोष त्याच्याच माथी येतो.

दुसरी तपासणी: टीव्हीचं सेटिंग

बास लागत नसेल तर इथून सुरुवात करा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. त्यातला तो ".१" म्हणजे वूफरसाठी पिक्चरमध्ये स्वतंत्र भरलेला पट्टा, एलएफई, तो १२० हर्ट्झपर्यंतच असतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" वर असेल तर बहुतेक टीव्ही ५.१ चं दोन चॅनेलमध्ये रूपांतर करून पाठवतात, आणि त्या रूपांतरात हा पट्टा बहुतेकदा गाळलाच जातो. ते "ऑटो", "बिटस्ट्रीम" किंवा "पास-थ्रू" वर करा. एचडीएमआयची वायर टीव्हीच्या ज्या खाचेवर "एआरसी" लिहिलंय त्याच खाचेत हवी. शेजारच्या खाचेत ती तितकीच घट्ट बसते, पण आवाज येत नाही.

रिसीव्हर, म्हणजे टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो ॲम्प्लिफायर, असेल तर त्यात पुढचे स्पीकर "स्मॉल" आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि वूफर यांच्यात सूर वाटायची सीमा, ८० हर्ट्झ ठेवा. "माझे स्पीकर काही लहान नाहीत" म्हणून लोक "लार्ज" ठेवतात. मग रिसीव्हर खालचे सूर त्याच स्पीकरांकडे पाठवतो, आणि गाणी किंवा मालिका चालू असताना वूफर रिकामा बसतो. स्मॉल या शब्दाचा स्पीकरच्या आकाराशी संबंध नाही, ८० च्या खालचं वूफरकडे द्या एवढाच त्याचा अर्थ. वूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र पूर्ण उजवीकडे फिरवा, नाहीतर दोन चाळण्या एकामागं एक लागतात.

मध्येच झोपणारा वूफरही इथंच बरा होतो. मागचं बटण "ऑटो" वर असतं, म्हणजे सिग्नल आला तरच तो जागा होतो. रात्रीच्या हळू आवाजात सिग्नल इतका बारीक असतो की त्याला तो कळत नाही. रिसीव्हरच्या मेनूत सबवूफरची पातळी ४-५ डेसिबल वाढवा आणि वूफरच्या पाठीवरचं गेनचं (आवाज कमी-जास्त करायचं) बटण तेवढंच कमी करा. कानाला आवाज तेवढाच राहतो, वायरीतला सिग्नल मोठा होतो. किंवा सरळ "ऑन" वर ठेवा आणि झोपताना बोर्डचं बटण बंद करा.

साउंडबारसोबतचा बिनवायरचा वूफर असेल आणि त्याचा दिवा सतत लुकलुकत असेल तर जोडणी तुटलेली असते. लाईट गेल्या-आल्यानंतर असं होतं. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा जोडा, बाकी काही करायचं नसतं.

तिसरी तपासणी: डिशची वायर आणि एकच बोर्ड

पिन काढल्यावर हम थांबला होता ना? आता पिन परत लावा आणि टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्समधून केबलची किंवा डिशची गोल वायर उपसा. हम गेला तर चोर सापडला. त्या वायरीची बाहेरची जाळी शेजारच्या गल्लीत, दुसऱ्याच्या गच्चीवर किंवा खांबाजवळ कुठंतरी जमिनीला टेकलेली असते. तुमच्या घरची अर्थिंग वेगळी, तिकडची वेगळी. दोन्हींत थोडा फरक असतो, आणि तो फरक भरून काढायला करंट तुमच्या वूफरच्या वायरीतून धावतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

टीव्ही एका भिंतीवरच्या बोर्डावर आणि वूफर समोरच्या भिंतीवरच्या असेल तरी हेच होतं. टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर, वूफर सगळे एकाच थ्री-पिन सॉकेटमधून निघालेल्या एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. ६ अँपिअरच्या सॉकेटला एवढा भार जड नाही, घरगुती सेट त्याच्या बराच आत बसतो. त्या बोर्डावर इस्त्री किंवा कूलर मात्र लावू नका.

लॅपटॉप जोडलेला असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. इन्व्हर्टरवर असतानाच भणभण येत असेल आणि लाईट आल्यावर जात असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे. त्यावर वूफर चालवणं टाळा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या नंबरवर असताना बारीक चिरचिर येते, पंखा पूर्ण वेगावर करून बघितलं की कळतं.

हम घालवायला लोक थ्री-पिनची वरची जाड पिन कापतात, किंवा टू-पिनचा जोड लावतात. हम जातोही. पण त्या पिनेचं काम वेगळं आहे. आत वायर सुटून पत्र्याला लागली तर करंट तिथून जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा म्हणून ती आहे. कापल्यावर तोच करंट पुढच्या हाताची वाट बघत पत्र्यावर बसून राहतो. घरात लेकरं असतात, फरशी पुसलेली ओली असते. माझ्याकडं पिन कापलेला वूफर आला तर मी आधी प्लग बदलतो, मगच बाकीचं बघतो.

चौथी तपासणी: वायर

जुन्या आरसीए वायरीची बाहेरची शील्ड पिनेपाशी आतून तुटते. वरून वायर धडधाकट दिसते. वायर पिनेजवळ हलवली की हम कमी-जास्त होत असेल तर हाच दोष. शे-दीडशे रुपयांची नवी वायर आणा, घरातल्या विजेच्या वायरीला समांतर न नेता लांबून न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. उंदरांचंही बघा. पीक घरात आलं की धान्यामागं उंदीर येतात, आणि सोफ्यामागची मऊ वायर त्यांना आवडते.

बाजारात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. हम जातो, पण स्वस्त डबीचा ट्रान्सफॉर्मर इतका लहान असतो की ३०-४० हर्ट्झचे सूर त्यातून पार होत नाहीत. ज्यासाठी वूफर घेतला तेच ती खाऊन टाकते. ती शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

पाचवी तपासणी: खोली आणि जागा

घुमण्याच्या तक्रारीत मी आधी वूफर बघत नाही, खोलीची मापं विचारतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाटेचा बरोबर अर्धा भाग मावला की तो सूर तिथं अडकतो आणि फुगतो. १० फुटांच्या अंतराला तो सूर ५६ हर्ट्झच्या आसपास येतो, १२ फुटांना ४७ च्या. आता आपली नेहमीची खोली आठवा. दहा बाय दहा, छतही दहा फूट, वर आरसीसीचा स्लॅब, खाली शहाबादी फरशी. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, म्हणजे तोच ५६ चा सूर तिन्हीकडून फुगतो. कुठल्याही कंपनीचा वूफर तिथं घुमणारच. दहा बाय बारा किंवा दहा बाय पंधरा असेल तर हा त्रास वाटला जातो.

जुन्या माळवदाच्या घरात मी दोन-तीन सेट लावलेत. वर लाकडी सरे आणि मातीचा थर, जाड मातीच्या भिंती. तिथं बास इतका गोड लागला की मालक आणि मी दोघंही बराच वेळ बोललो नाही. पत्र्याच्या खोलीचं उलटं, तिथं खालचा आवाज वरून निघून जातो आणि पत्रा स्वतःच थरथरायला लागतो.

वूफर कोपऱ्यात ढकलला की बास सगळ्यात जास्त येतो, कारण दोन भिंती आणि फरशी मिळून त्याला रेटा देतात. बास कमी वाटत असेल तर आधी हे करून बघा, फुकट आहे. घुमत असेल तर उलट, कोपऱ्यापासून दोन-तीन फूट सरकवा. तुम्ही बसता ती जागाही महत्त्वाची. खोलीच्या बरोबर मध्यावर हा अडकलेला सूर नाहीसा होतो आणि भिंतीला टेकून बसलं की तो दुप्पट वाटतो. सोफा मध्यावरून किंवा भिंतीपासून फूट-दीड फूट हलवला तरी फरक पडतो.

सगळ्यात चांगली जागा शोधायची एक पद्धत आहे, थोडी विचित्र वाटेल पण खात्रीची आहे. वूफर उचलून तुम्ही जिथं बसता त्या सोफ्यावर ठेवा. एकाच ठेक्याचं, खालचे सूर भरपूर असलेलं गाणं लावा. मग भिंतीच्या कडेनं रांगत फिरा, कान वूफरच्या उंचीला ठेवून. जिथं सगळे सूर सारखे आणि घट्ट ऐकू येतात तिथं वूफर ठेवा. सोफ्यावर बसल्यावर तुम्हाला तेच ऐकू येणार.

त्यानंतर फेजचं बटण, विजेच्या फेजशी याचा संबंध नाही. पाठीवर ० आणि १८० असं असतं. घरातल्या कुणाला तरी ते बदलायला सांगा आणि तुम्ही जागेवर बसून ऐका. ज्या बाजूला बास भरदार वाटेल ती बरोबर. उलट्या फेजला वूफर पुढं ढकलतो तेव्हा स्पीकर मागं ओढतात, आणि ८० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांत मरतो. हे एक बटण उलटं असल्यामुळं वूफर बदललेले लोक मला भेटलेत.

खरखर वाटत असेल तर फोनवर सूर काढणारं मोफत ॲप घ्या, फोन सेटला जोडून २० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढवा आणि खोलीत फिरा. मांडणीवरची स्टीलची भांडी, शोकेसची काच, खिडकीची कडी, भिंतीवरचे फोटो. बरेचदा वूफर गप्प असतो आणि वाजत असतं ताटाळं. हात ठेवला की थांबतं.

सहावी तपासणी: अर्थिंग

मानवतच्या एका शिक्षकांचा किस्सा सांगतो, कारण मला स्वतःला तो उलगडायला दोन उन्हाळे लागले. त्यांचा वूफर एप्रिल-मे मध्ये हम मारायचा आणि मृगाचा पाऊस दोन-चारदा पडला की आपोआप थांबायचा. "उन्हानं आतून काहीतरी सैल होतंय," असं त्यांना वाटायचं, मलाही तेच वाटलं. मी कंडेन्सर बदलून दिले. पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच. त्यांनी कंटाळून नवा वूफर घेतला, तोही हम मारायला लागला. तेव्हा मी घरी गेलो.

दोष अर्थिंगच्या खड्ड्यात होता. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्ड्यातला पाइप किंवा प्लेट जमिनीला टेकून असली तरच करंट जमिनीत जातो, आणि तो जायला ओल लागते. मे महिन्यात त्यांच्या पाइपाभोवती हाताची बोटं जातील एवढी पोकळी होती, मीठ-कोळसा कधीचाच विरून गेलेला. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन यांतून थोडा करंट नेहमी अर्थच्या वायरीत गळतो. जमिनीत जायची वाट बंद झाल्यावर त्यानं दुसरी वाट शोधली, वूफरच्या शील्डमधून टीव्ही, टीव्हीतून केबलची जाळी आणि तिथून बाहेर. पाऊस पडला की माती फुगून पाइपाला भिडायची आणि हम थांबायचा. खड्डा उकरून नव्यानं भरला, पाणी घालायला नळी ठेवली. आता ते मार्चपासून आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओततात. त्यानंतर हम आला नाही, आणि जुना वूफर, ज्याला आम्ही दोघांनी दोष दिला होता, तो त्यांच्या भावाकडं आजही वाजतोय.

घरी तुम्ही एवढं बघा. बोर्डातल्या वरच्या मोठ्या छिद्रात वायर जोडलेली तरी आहे का, हे वायरमनला उघडून दाखवायला सांगा. जुन्या घरांत ते छिद्र नुसतं शोभेला असतं. थ्री-पिन प्लगच्या टीव्ही किंवा रिसीव्हरच्या पत्र्याला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थ नाही असं समजा. आतल्या फिल्टरमधून बारीक करंट गळत असतो आणि त्याला जायला जागा नसते. वायरमन मल्टीमीटरनं मोजेल तेव्हा फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखं यावं, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. मात्र मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळं कमकुवत अर्थिंगलाही ते २३० दाखवू शकतं. खरी परीक्षा अर्थ टेस्टर या यंत्रानं होते, ते असणारा वायरमन शोधा.

काही वायरमन बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. "झालं, अर्थिंग आली." हे करू देऊ नका. बाहेर कुठं न्यूट्रल सुटला तर घरातल्या प्रत्येक पत्र्याला फेज येतो.

इथं आपण थांबायचं. खड्डा, बोर्ड, मेन स्विच ही कामं परवानाधारक वायरमनची आहेत. त्याला सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायला सांगा, माणसाला धक्का बसला तर ती क्षणात लाईन तोडते. आणि घरातले दिवे मध्येच फार उजळत, मध्येच मंद होत असतील तर ते वूफरचं प्रकरणच नाही. सर्व्हिस लाइनचा न्यूट्रल सैल झालेला असू शकतो. मेन स्विच पाडा आणि महावितरणच्या लाइनमनला बोलवा. सुटलेल्या न्यूट्रलनं घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो, सगळा सेट एका रात्रीत जातो.

आतला दोष: काय बघायचं आणि कुठं थांबायचं

पिन काढूनही हम येत होता, त्यांच्यासाठी. पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर सुकला की हम येतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या वूफरमध्ये तो ५० चा नसून १०० हर्ट्झचा असतो, थोडा भरभरा. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये कुठं टोक दिसतं ते बघितलं तर कळतं. कंडेन्सर उष्णतेनं सुकतो, ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेर ४२-४३ असतं, बंद शोकेसच्या कप्प्यात कोंबलेल्या वूफरच्या आत काय होत असेल विचार करा. पाठीमागं वीतभर जागा सोडा. बदलून घेताना मेकॅनिकला ८५ ऐवजी १०५ अंशांचा कंडेन्सर टाकायला सांगा.

मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. स्विचिंग सप्लायच्या वूफरमध्ये २३० व्होल्टचं रूपांतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसीमध्ये होतं आणि ते कंडेन्सरमध्ये साठून राहतं. फ्यूज चालू करताच उडालेला नसेल आणि जळका वासही नसेल, तर त्याच नंबरचा एकदा बदलून बघा. पुन्हा उडाला की थांबा, जाड तार किंवा चंदेरी कागद गुंडाळू नका.

स्पीकर मात्र घरी तपासता येतो. वूफर बंद असताना कोनच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून समान दाबानं हळूच आत ढकला. घासल्यासारखं वाटलं तर कॉइल चिकटली किंवा वाकडी झाली. कडेचा फोम बोटाला चिकट लागून तुटत असेल तर तो कुजलाय. कोन आणि कडा बदलून मिळतात, स्पीकर फेकायची गरज नसते. ॲम्प्लिफायर नसलेल्या वूफरच्या दोन तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की कोन किंचित हलायला हवा, आणि मल्टीमीटरवर ४ ओहमचा स्पीकर ३ ते साडेतीन ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय.

वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची वायर दोन्ही उपसून ठेवा. नुसता प्लग काढून वायर तशीच ठेवलेले टीव्ही आणि वूफर दर वर्षी माझ्याकडं एकत्र येतात.

आता नवाच घ्यायचा असेल तर

वरचं सगळं करून झालं आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर जरूर घ्या.

खोक्यावरचं पीएमपीओ (फुगवून सांगितलेले वॅट) वाचू नका, त्या आकड्याला कुठलंच ठरलेलं माप नाही. आरएमएस (सतत देता येणारे वॅट) बघा, आणि त्यावरही पाठीवरची पट्टी बघा. तिथं विजेचा वापर ६० वॅट लिहिला असेल तर तो वूफर ३०० वॅट सतत देणं शक्य नाही. १०० आणि १५० वॅटमध्ये अडकूनही पडू नका. वॅट दुप्पट झाले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा कोनचा आकार जास्त देतो. ८ इंचापेक्षा १० इंची कोन दीडपट हवा ढकलतो, १२ इंची सव्वादोनपट. दहा बाय बाराच्या खोलीला मी १० इंची सांगतो. ८ इंची घेऊन तो सतत पूर्ण जोरावर चालवला की वर्ष-दोन वर्षांत माझ्याकडं येतो.

"२० हर्ट्झपासून" असं लिहिलेलं असतं, त्यापुढं "± ३ डेसिबल" आहे का ते शोधा. ते नसेल तर २० ला किती बारीक आवाज निघतो हे सांगितलेलंच नाही. बजेटमधला प्रामाणिक वूफर ३५-४० पर्यंत नीट जातो, आणि पिक्चरला तेवढ्यात मजा येते.

भोक असलेल्या डब्यातून कमी पैशात जास्त जोर मिळतो, पण त्याच्या ठरलेल्या सुराखाली आवाज झपकन पडतो. बंद डबा कमी जोराचा, पण हळूहळू उतरतो आणि लहान घुमणाऱ्या खोलीत जास्त आवरलेला लागतो. दहा बाय दहावाल्यांनी बंद डबा ऐकून बघावा. भोकाचा घेतला तर तिथं बारीक जाळी लावा, पाली आणि मुंग्या आत घर करतात.

लग्नाच्या डीजेवाल्याकडचा १५ इंची स्वस्तात मिळतोय म्हणून अनेक तरुण विचारायला येतात. तो स्पीकर मैदानात लांबवर ४५-५० हर्ट्झच्या वरचा ठोका पोचवण्यासाठी बनवलेला असतो. पिक्चरमधले ३० हर्ट्झचे सूर तो घरात काढत नाही, आणि खोलीचा घुमणारा ५६ मात्र दणकून काढतो.

दुकानात डबा उचलून बघा. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) जड असतो, पातळ प्लायचा हलका आणि फडफडणारा. पाठीवर गेन, क्रॉसओव्हर, फेज ही तिन्ही हवीत. साधा दोन स्पीकरचा ॲम्प्लिफायर असेल तर स्पीकरच्या तारा थेट घेणारं इनपुट आहे का विचारा. आणि शेवटी विचारा, आतला स्पीकर नेहमीच्या मापाचा आहे का, बोर्ड सुटा मिळतो का. ज्याचा सुटा भाग परभणी-नांदेडात मिळत नाही तो घेऊ नका. आणि विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला सांगून वूफर घरी आणा, तुमच्याच खोलीत, तुमच्याच बोर्डावर एक संध्याकाळ ऐका. ओळखीचा दुकानदार बहुधा नाही म्हणत नाही.